कणभर गूळ

नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, असं आमच्या गावात म्हणतात. मी लग्नाच्या दुसऱ्याच दिवसापासून माझ्या नवऱ्याला कल्याण म्हणून हाक मारते आणि तो अजून धडधाकट आहे. जेवताना तर जास्तच. पहिल्यांदा ती हाक ऐकली तेव्हा माझ्या सासूबाई, लंकाबाई, देवापुढे जाऊन बसल्या होत्या. त्यांना मी आमच्या रीतीप्रमाणे आत्या म्हणते. आता त्यांना त्या हाकेची सवय झाली आहे. आत्यांना कशाचीही सवय होते, आणि याचाच मला राग येतो.

सासरे गेले तेव्हा कल्याण चौथीत होता. तेव्हापासून आत्यांनी कुणाला कुंकू लावलेलं नाही. संक्रांतीला हळदीकुंकवाच्या बाया आल्या की आत्या मागच्या दारी काहीतरी काम काढून बसतात. खंडेनवमीला आम्ही घरातली सगळी हत्यारं धुऊन मांडतो. कोयते, कुऱ्हाड, खुरपी आणि माझ्यापायी आता कॉम्प्युटरसुद्धा. त्यांना हळदकुंकू लावायचं काम माझं. आत्या लांब उभ्या राहून सांगतात, "त्या खुरप्याला ऱ्हायलं बघ." एकदा मी म्हटलं, तुम्हीच लावा की मग. त्या हसल्या. "माजा हात नगं, पोरी," म्हणाल्या आणि गोठ्यात गेल्या. मला इतका संताप आला होता की त्या दिवशी माझ्या हातून पुरणसुद्धा करपलं.

आमचं गाव पाथर्डीच्या पुढे, डोंगराच्या कडेला. पाऊस आला तर बाजरी, नाही आला तर आभाळ बघायचं. दसरा झाला, मोहट्याच्या देवीची जत्रा उरकली, की गाव रिकामं व्हायला लागतं आणि माणसं ट्रकात बसून कारखान्याकडे ऊस तोडायला जातात. तोडणीला नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. मी बी.एस्सी. झालेली असूनही लग्नानंतर दोन हंगाम त्या एका कोयत्यातला अर्धा होते. पहाटेच्या थंडीत ओल्या पाचटातून चालणं काय असतं, ते मला कुणी सांगायला नको.

मग पाथर्डीच्या सुनीलकडून मी एक जुना कॉम्प्युटर घेतला. सुनील नगरच्या ऑफिसांमधली जुनी मशीन आणून नीट करून विकतो. त्याच्यावर मी पोरांना गणित शिकवायला लागले, आधी गावातल्या, नंतर ऑनलाईन. गेल्या हंगामाला मी मागे राहिले आणि कल्याण एकटा गेला. यंदा मात्र आमचे मुकादम पुंजारामभाऊ यांनी स्पष्ट सांगितलं होतं, की अर्धा कोयता नको, जोडी असेल तर सांगा. ते संध्याकाळी आमचा शब्द घ्यायला येणार होते.

आणि त्याच दिवशी अकरा वाजता माझी परीक्षा होती. पुण्याच्या एका शिकवणीच्या कंपनीला गणिताच्या बाई हव्या होत्या. पोरांसमोर एक तास शिकवून दाखवायचा आणि कंपनीच्या मॅडम बघणार. मोबाईलवरून चालणार नाही, हे त्यांनी आधीच कळवलं होतं. ही नोकरी लागली तर कल्याण इथेच गवंडीकामाला जाणार आणि आम्ही दोघं घरी राहणार. नाही लागली तर जोडीनं ट्रकात.

सकाळी मी धड्यावर शेवटचा हात फिरवत बसले होते आणि लाईट गेली. रात्रभर लाईट नव्हतीच, पहाटे जरा येऊन गेली होती. इन्व्हर्टरमध्ये काय उरलं असणार? त्याने दोनदा टीं टीं केलं आणि मान टाकली. कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला. कल्याण वायरमनच्या मागे डीपीवर धावला. अर्ध्या तासात फ्यूज टाकून लाईट आली. मी देवाचं नाव घेऊन सीपीयूचं बटण दाबलं. पंखा घुर्र करून फिरला, हिरवा दिवा लागला, मी श्वास सोडला, आणि सगळं विझलं.

परत दाबलं. परत घुर्र, परत दिवा, परत काळोख. मी प्लग बदलला. वायर हलवून बघितली. दुसऱ्या खोलीतून लांब वायर ओढून आणली. काही नाही.

"एक थाप मार की," कल्याण म्हणाला. आमचा जुना टीव्ही थापेवर चालायचा.

"तुलाच मारीन," मी म्हटलं.

सुनीलला फोन लावला. तो बिचारा गिऱ्हाईक सोडून माझ्याशी बोलत बसला. प्लग काढून ठेवा, जरा वेळ जाऊ द्या, मग लावा. लावलं. बाजूचं झाकण उघडा, रॅमची पट्टी काढा, तिचे पिवळे दात खोडरबरने पुसा, परत नीट बसवा. शिकवणीला येणारी पोरं खोडरबर विसरूनच जातात, त्यातलं एक घेतलं आणि पुसलं. बसवलं. घुर्र, दिवा, काळोख.

"ताई, आतला पॉवरचा डबा गेला असंल," सुनील शेवटी म्हणाला. "मशीन घेऊन या पाथर्डीला. दुपारपर्यंत बघतो."

दुपारपर्यंत म्हणजे संपलंच. आत्या मघापासून चहाचा कप घेऊन माझ्या मागे उभ्या होत्या. चहा कधीच गार झाला होता. त्या हळूच म्हणाल्या, "लई तापलं का गं ते? पदरानं वारा घालू का?"

"आत्या, हात जोडते, आता मधे येऊ नका," मी ओरडले. त्या कप घेऊन तशाच मागे सरकल्या आणि चुलीपाशी जाऊन बसल्या. त्यांचे ओठ हलत होते. देवाला काहीतरी बोलत होत्या.

कल्याण उंबऱ्यावर टेकला. "जाऊ दे, दिपाली," तो म्हणाला. "यंदा जाऊ जोडीनं. फुडल्या वर्षी बगू. तू असलीस की मलाबी तिथं बरं वाटतं." तो चिडला असता तर मी चिडून उत्तर दिलं असतं. तो इतक्या मायेने बोलला की मी सरळ जमिनीवर बसून रडायला लागले.

मी फार वेळ नाही रडले. माझं रडणं मुंग्यांनी थांबवलं. रडताना माणूस खाली बघतं, आणि खाली मुंग्यांची रांग चालली होती. या मुंग्यांनी मला गेले कित्येक महिने वैताग दिला होता. टेबलाखाली सीपीयू आहे, त्याच्याकडे यांचा रोजचा रस्ता. मी औषधाच्या खडूच्या रेघा मारून थकले होते. आतल्या उबेला येत असतील, असं मी धरून चालले होते. पण आता मशीन थंड पडलं होतं तरी त्या निघाल्या होत्या, आणि झाकण सताड उघडं असूनही आत एकही जात नव्हती. सगळ्या पुढच्या अंगाला, बटणाकडे चालल्या होत्या.

सीपीयूला आत्यांनी जुन्या लुगड्याचं एक गलेफ शिवलं होतं. धूळ नको म्हणून. समोर खालपर्यंत येणारी झालर, त्यामुळे बटण कधी दिसायचंच नाही. मला ते लागायचंही नाही. सुनीलने सांगितलं होतं, जुनं मशीन आहे, सारखं चालू-बंद करू नका, नुसतं झोपवत जा. मी कीबोर्डवरून झोपवायची आणि कीबोर्डवरूनच उठवायची. आज सकाळीसुद्धा मी झालरीखाली हात घालूनच बटण दाबत होते, आणि झाकण उघडतानाही गलेफ फक्त बाजूने वर सारलं होतं.

मी झालर वर केली आणि मोबाईलचा उजेड टाकला. बटण आत रुतून बसलं होतं, बाहेर आलेलंच नव्हतं. त्याच्या भोवतीच्या फटीत लालसर काहीतरी घट्ट भरलं होतं. मी नखाने उकरलं. कुंकू होतं. त्यात हळदीचा पिवळा कण होता, आणि नखाला चिकट लागलं म्हणून मी वास घेतला तर गूळ.

बटण दाबून धरलं की मशीन बंद होतं, हे माझ्या पाचवीतल्या पोरांनाही ठाऊक आहे. आमचं बटण गुळाने चिकटून दाबलेलंच राहत होतं. मशीन जागं व्हायचं आणि त्याला वाटायचं, कुणीतरी अजून बोट ठेवून आहे, म्हणजे मला झोपवताहेत.

घरात माणसं तीन. मी लावलं नव्हतं, आणि कल्याणला कुंकवाचा करंडा कुठे असतो तेही माहीत नाही. मी वळून बघितलं. आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या आणि माझ्या नखाकडे बघत होत्या.

"आत्या, हे कुंकू..."

"म्याच लावलं," त्या म्हणाल्या. "दर मंगळवारी. तू पानी आनाया गेलीस की. लगीच पदरानं पुसूनबी टाकायची, कुनाला दिसू नये म्हनून."

"आणि गूळ?"

"कनभर. निवद नगं व्हय? दिसभर तुज्यासंगं राबतंय ते."

मी नखावरच्या त्या लाल डागाकडे बघत राहिले. लावायचं आणि लगेच पुसायचं. दर मंगळवारी ही बाई माझ्या करंड्यातलं चिमूटभर कुंकू चोरासारखं घेत होती, पाण्यात कालवत होती, आणि लावलेलं स्वतःच्याच हाताने पुसत होती. पुसताना ते फटीत जात होतं.

माझ्या तशा बघण्याचा त्यांनी भलताच अर्थ घेतला. त्या तिथेच खाली बसल्या. "माजं चुकलं गं. खंडेनवमीला तू लावलंस तवा नीट चाललं. माज्या हातानं इस्कटलं. पांढऱ्या कपाळाच्या बाईनं हात लावाया नगं हुता. मला कळाया पायजे हुतं."

"पण आये, लावलंस कशाला?" कल्याणने विचारलं. तो रागावला नव्हता. त्याला खरंच समजत नव्हतं.

"कोयत्याला लई वरसं लावलं म्या, तुजा बाप हुता तवर," आत्या म्हणाल्या. "त्या कोयत्यानं मला कवा घरी बसू दिलं न्हाई. ह्येनं माज्या सुनंला एक वरीस घरी ठिवलं. मला वाटलं, ह्येचं कुनीतरी करावं. आन् मशीनच हाय ते. ते काय इचारतंय, लावनारी कोन म्हनून."

मला त्या क्षणी त्यांची इतकी माया आली की परीक्षा, पुणं, पुंजारामभाऊ, सगळं डोक्यातून गेलं. मी सरकत त्यांच्याजवळ गेले आणि ते लाल नख त्यांच्यापुढे धरलं.

"आत्या, हे गुळानं चिकटलंय. सवाष्णीनं लावला असता तरी चिकटलंच असतं. मोहट्याच्या देवीनं स्वतः येऊन लावला असता तरी चिकटलं असतं. गुळाला काय कळतंय, हात कुणाचा ते?"

"खरं सांगतीस?"

"तुमच्या लेकाची शपथ. आणि मी त्याचं नाव घेऊन शपथ घेते. कल्याणची शपथ."

त्या रडत होत्या आणि तेवढ्यातही त्यांनी माझ्या हातावर चापट मारली, नाव घेतलं म्हणून.

मी सुनीलला परत फोन लावला आणि बटण चिकटल्याचं सांगितलं. गुळाचं सांगितलं नाही, ती आमच्या घरातली गोष्ट. "मग सोपं हाय की ताई," तो म्हणाला. "प्लग काढा. बटनाकडून दोन बारीक वायरी मदरबोर्डवर येतात, तेवढ्या उपसून काढा. मग प्लग लावा, आणि त्या जागच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक एकदम टेकवा. टेकवलं की लगेच उचला. बाकी कशाला लावू नका."

कल्याणने मोबाईलचा उजेड धरला. त्याचा हात हलत होता, त्यामुळे पिना पण हलत होत्या. मी त्याला म्हटलं, श्वास घे. आत्या म्हणाल्या, शॉक बसंल, चप्पल घाल. मी चप्पल घातली. वायरी उपसल्या, प्लग लावला, टोक टेकवलं, उचललं.

पंखा घुर्र करून फिरला. दिवा लागला. दिवा विझला नाही. पडद्यावर आधी काहीबाही पांढरी अक्षरं आली, मग तो निळा झाला, आणि मग माझी रोजची शिकवणीची पाटी आली. सकाळी अर्धवट राहिलेला धडासुद्धा जागेवर होता. कल्याणने मशीनला नमस्कार केला. हा माणूस कधी देवळात जात नाही.

अकराला थोडाच वेळ होता. मी घाईघाईने तोंड धुतलं, साडी बदलली, केस बांधले. मग करंडा घेऊन आले आणि आत्यांच्या समोर बसले.

"लावा," मी म्हटलं.

त्यांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्या भिंतीला टेकल्या. "येडी का काय तू. तुज्या कपाळाला? माजा हात? अगं, त्येला काय झालं म्हंजी?" त्यांनी कल्याणकडे बघितलं. त्यांची भीती खरी होती. माझ्या कपाळाचं कुंकू म्हणजे त्यांचाच लेक. ज्या हाताने एक कुंकू राखलं गेलं नाही, त्या हाताने दुसरं लावायचं, तेही स्वतःच्या पोराचं. आजवर मी या गोष्टीवर नुसती चिडत आले होते. त्यामागे त्या एवढ्या घाबरलेल्या आहेत, हे मला कधी दिसलंच नव्हतं.

"मशीनला चालतं आणि मला चालत नाही?" मी म्हटलं. "वर्षभर तुम्ही त्याचं केलंत, त्यानं मला घरी ठेवलं. आज मला शिकवायचंय, त्याला नाही."

कल्याण उठून आईजवळ बसला. "आये, इतकी वरसं तुज्या हातचं खातोय. त्यानं काय झालं न्हाई मला. कुकवानं काय व्हनार? लाव. तिला उशीर हुतोय."

आत्यांनी बोट करंड्यात बुडवलं. त्यांनी ते माझ्या कपाळावर टेकवलं आणि दाबून धरलं, बराच वेळ. बोट काढलं. आणि लगेच, सवयीने, त्यांचा दुसरा हात पदराचं टोक घेऊन पुसायला वर आला.

मी तो हात धरला. "राहू द्या," मी म्हटलं. मग आम्ही दोघी रडलो, आणि ते रडणं आवरतं घ्यावं लागलं, कारण कॉम्प्युटर टुंग टुंग वाजायला लागला होता.

तास कसा झाला ते मला सांगता येणार नाही. अपूर्णांक शिकवायचे होते. मी आधी पोळीचे तुकडे करून दाखवणार होते, सगळेच करतात. ऐनवेळी मी ऊस काढला पडद्यावर. एक ऊस, दहा पेरं. तीन पेरं खाल्ली तर किती उरला? शेंड्याकडचं पेर लहान आणि बुडाकडचं मोठं, मग ते सारखे भाग झाले का? पुण्याची दोन पोरं यावर इतकी भांडली की मॅडमना मधे पडावं लागलं. मॅडमनी विचारलं, उसाचं तुम्हाला बरंच माहीत दिसतंय. मी म्हटलं, मी तोडलाय.

दुपारी मेसेज आला. एक तारखेपासून या, आधी तीन महिने बघू. मी तो तीनदा वाचला, मग आत्यांना वाचून दाखवला. "तीन म्हयने म्हंजी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, म्हणजे निदान संक्रांतीपर्यंत ट्रकात बसायचं नाही. त्या उठल्या, आणि भिंतीला टांगलेला माझा कोयता काढून आत कणगीच्या मागे ठेवून आल्या.

संध्याकाळी पुंजारामभाऊ आले. माणूस वाईट नाही, धंदा तसा आहे. ओट्यावरच्या बाजेवर बसले आणि म्हणाले, "मग, धरू ना एक कोयता?"

"न्हाई भाऊ," कल्याण म्हणाला. "दिपालीला नोकरी लागली. आमी यंदा घरीच."

"आसं व्हय." ते जरा हिरमुसले, पण मनापासून म्हणाले, "चांगलं झालं. येक पोरगी तरी सुटली." मग त्यांची नजर माझ्या कपाळावर गेली. दिवसभरात ते कुंकू थोडं ओघळलं होतं, आणि मुळातच ते भलं मोठं आणि एका बाजूला तिरकं होतं. मी ते नीट केलं नव्हतं. "आज काय सन हाय का सूनबाई? येवडं मोटं कुकू. कुनी लावलं?"

त्यांनी सहज विचारलं होतं. पण आमच्या गावात या प्रश्नाला एक उत्तर चालतं आणि एक चालत नाही. कल्याणने माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडणार, मीच लावलं म्हणून, तेवढ्यात आत्या चहा घेऊन बाहेर आल्या. मुकादम आला की त्या चहा दाराच्या आडून देतात. आज त्या सरळ भाऊंसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"म्या लावलं," त्या म्हणाल्या आणि कपबशी त्यांच्या हातात दिली. "गुळाचा हाय. गरम हाय तवर घ्या."

पुंजारामभाऊंनी एकदा माझ्या कपाळाकडे बघितलं, एकदा आत्यांच्या. मग मुकाट्याने चहा बशीत ओतला. आत्या आत गेल्या नाहीत. भाऊंचा चहा संपेपर्यंत तिथेच, माझ्याशेजारी उभ्या राहिल्या.